आत्माकाकांनी दान केलेला कोट

आत्माकाकांनी पहिल्यांदा माझ्या कमरेचं माप घेतलं, तो दिवस या गल्लीच्या इतिहासात जायला हवा होता. मी नुकताच त्यांच्या दुकानावरच्या खोलीत राहायला आलो होतो. सामान लावताना वाकलो आणि माझ्या एकुलत्या एका बऱ्या पँटने मागच्या बाजूने राम म्हटला. मग शर्ट खाली ओढत, भिंतीला पाठ घासत, खेकड्यासारखा जिना उतरून मी खाली आलो. खाली शिंप्याचं दुकान असणं ही मला देवाची कृपा वाटली. देवाच्या कृपेला किती आठवडे लागतात, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

दुकानात एक उंच, हडकुळे गृहस्थ मशीनपाशी बसले होते. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या. त्यांनी मला पाहिलं. नुसतं पाहिलं नाही. स्वारीवर निघालेला राजा टेकडीवरून समोरचा मुलूख न्याहाळतो तसं पाहिलं. मग एकेक टाचणी काढून उशीत खोचली आणि विचारलं, "आपण कोण?"

"मी वरच्या खोलीत नवीन आलोय."

"ते राहण्याचं झालं. आपण कोण?"

"कारकून आहे मी."

"ते पोटाचं झालं. आपण कोण?"

एका हाताने पँटची मागची बाजू धरून उभ्या असलेल्या माणसाला हा प्रश्न विचारू नये. त्या क्षणी मी म्हणजे एक फाटलेली पँट होतो; त्यापलीकडे मला काही अस्तित्व नव्हतं.

"कोणालाच ठाऊक नसतं," ते अगदी समाधानाने म्हणाले. "हात वर करा."

हात वर केले तर पँट सुटते, हे त्यांना सांगण्याआधीच त्यांनी टेपचं एक टोक माझ्या पोटावर टेकवलं, मलाच ते दाबून धरायला लावलं आणि दुसरं टोक घेऊन ते निघाले. निघाले ते माझ्या पाठीमागे दिसेनासे झाले. बराच काळ गेला. वाटेत त्यांनी कोणाची तरी विचारपूस केली, एका गिऱ्हाइकाला परत पाठवलं, बाहेर बहुधा एखादा ऋतूही बदलला. दुसऱ्या बाजूने ते पुन्हा उगवले तेव्हा त्यांची दाढी वाढलेली होती, असं मी आजही शपथेवर सांगेन.

"देवळाची प्रदक्षिणासुद्धा यापेक्षा लवकर होते," ते आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडले. "अगं, पाणी आण. मला!"

आतून काकूंचा आवाज आला, "आधी त्यांना खुर्ची द्या. उभं राहून राहून देह दमला असेल त्यांचा."

"देह!" काकांना हवा तो शब्द सापडला. "देह म्हणजे काय हो? कपडा. आत्म्याने वर घातलेला कपडा. जुना झाला की टाकायचा, नवा घालायचा. त्याचं कौतुक नको आणि दुःखही नको."

"आणि पँट?"

"पँट म्हणजे कपड्यावरचा कपडा. तिचं तर मुळीच दुःख नको. पुढच्या आठवड्यात या."

मी पुढच्या आठवड्यात गेलो. त्याच्या पुढच्याही गेलो. पँट मिळेपर्यंत मला अर्धं अध्यात्म पाठ झालं होतं.

आत्माकाका हे नाव त्यांना गल्लीने ठेवलं होतं आणि ते त्यांनी पदवीसारखं मिरवलं होतं. कपडे वेळेवर देणं त्यांच्या तत्त्वात बसत नसे. "कर्म करणं माझ्या हातात," ते म्हणत, "तारीख देवाच्या हातात. तुम्ही फळाची आशा धरून येता, म्हणून तुम्हाला त्रास होतो." विजार आखूड झाली तर "आखूड-लांब हा मनाचा खेळ." बटण तुटलं तर "जे जोडलंय ते तुटणारच." एकदा ते एका गिऱ्हाइकाला संसाराच्या तापाबद्दल सांगत असताना काकू आतून म्हणाल्या, "ताप आहेच, पण आधी इस्त्री उचला, सदरा जळतोय." सदरा खरंच जळला होता. काका त्या भोकाकडे बघून म्हणाले, "बघा! नश्वर!" आणि गिऱ्हाईक हसलं. तेच त्यांचं वैशिष्ट्य होतं. त्यांच्यावर फार वेळ रागावता येत नसे.

पण त्यांची खरी कीर्ती होती ती समाचाराला जाण्याची. गल्लीत कोणी गेलं की काका हातातलं काम टाकून निघत. तिथे त्यांना रस्ता मोकळा होई. ज्याचं माणूस गेलं त्याच्या शेजारी ते टेकत, खांद्यावर हात ठेवत आणि म्हणत, "माणूस गेला नाही. कपडा बदलायला गेलाय. जीर्ण कपड्याचा शोक करायचा नाही." तेच वाक्य मी म्हटलं असतं तर लोकांनी मला बाहेर काढलं असतं. पण शिंप्याच्या तोंडून कपड्याची गोष्ट, म्हणजे वकिलाच्या तोंडून कायद्याची. लोक माना डोलवत, डोळे पुसत, एखादी म्हातारी काकांच्या पायाही पडे. काका घरी येत ते जरा जास्तच ताठ चालत.

त्यांच्या या ताठ मानेला गल्लीत एकच माणूस टपली मारू शकत असे. ते म्हणजे शेजारचे घड्याळजी. दोन दुकानांच्या मध्ये नुसती फळ्यांची भिंत होती आणि दोघं मित्र दिवसभर त्या फळ्यांतून भांडत. इकडे मशीनची खडखड, तिकडे घड्याळांची टिकटिक, मध्ये वाद.

"काय रे, तुझ्या आत्म्याला वेळ कळते का?" पलीकडून आवाज येई.

"आत्मा काळाच्या पलीकडे आहे!"

"म्हणूनच माझा कोट अजून अलीकडे आला नाही."

घड्याळजींचा देवावर पूर्ण विश्वास होता; आत्माकाकांच्या तारखांवर मुळीच नव्हता. ते एक तपकिरी कोट बारा महिने घालत, कारण त्यांच्या दुकानात ओल होती. जन्मभर उजव्या अंगाला वाकून, डोळ्याला भिंग लावून काम केल्यामुळे त्यांचा उजवा खांदा खाली आला होता, आणि त्यांच्याबरोबर कोटाचाही. कोट खुंटीवर टांगला तरी उजवीकडे कलून राही. जणू खुंटीवरही तो एखादं घड्याळ उघडून बघत होता.

त्या कोटाचं अस्तर फाटलं म्हणून घड्याळजींनी तो थंडी सुरू होण्याआधी काकांकडे टाकला. रोज फळीवर टकटक करून विचारायचे, "झालं का?" काका म्हणायचे, "फळाची आशा!" आणि दोघं हसायचे.

कोट तसाच खुंटीवर असताना एका सकाळी घड्याळजी झोपेतून उठलेच नाहीत.

काका समाचाराला गेले. मीही बरोबर होतो. घड्याळजींची बायको कोपऱ्यात बसली होती. बाई लहानखुरी, जेमतेम बोलणारी. जन्मभर घड्याळजीच बोलले, त्यामुळे तिची पाळीच आली नव्हती. काकांनी आपलं वाक्य म्हटलं. आवाज जराही हलला नाही. "वहिनी, कपड्याचा शोक करायचा नाही," ते म्हणाले, आणि सगळं घर हुंदके द्यायचं थांबून त्यांच्याकडे बघू लागलं. एवढा जिवाचा मित्र गेला, पण बघा, डोळ्यांत टिपूस नाही! याला म्हणतात ज्ञान.

वहिनींनी मान वर केली. "भावजी, त्यांचा कोट तुमच्याकडेच आहे ना?"

"आहे. अस्तर लावायचंय."

"सावकाश लावा. मी येऊन नेईन."

नवल म्हणजे त्याच आठवड्यात अस्तर लागलं. मी खाली गेलो तर कोट तयार होऊन खुंटीवर होता, उजवीकडे कललेला. काकांनी मात्र आपली मशीन फिरवून घेतली होती. आता त्यांची पाठ खुंटीकडे होती आणि तोंड रस्त्याकडे. "उजेड बरा येतो," ते म्हणाले. मला ते पटलं. मला तेव्हा त्यांचं काहीही पटत असे.

पुढे कडाक्याची थंडी पडली. गल्लीच्या टोकाला धान्याचं गोदाम आहे. तिथला एक हमाल कापडाचा गठ्ठा पोचवायला दुकानात आला. अंगात पातळ सदरा, त्यावर दुमडलेलं पोतं. थंडीने दात वाजत होते. काका ताडकन उठले. खुंटीवरचा कोट काढला आणि भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, त्याच्या अंगावर चढवला.

"घे. घड्याळजींच्या नावाने दान. ज्याने हा कपडा टाकला त्याला आता याची गरज नाही."

हमाल बिचारा दोन्ही बाह्यांकडे बघतच राहिला. आम्ही सगळे गहिवरलो. एकाने तर वा म्हटलं. तेवढ्यात आतून काकू बाहेर आल्या.

"वहिनींना विचारलंत का?"

"दान काय विचारून करतात?"

"दुसऱ्याची वस्तू असली तर करतात."

"अगं, तो कोट समोर राहिला की त्यांचा मोह सुटणार नाही. त्यांच्याच भल्यासाठी केलं."

काकू रिकाम्या खुंटीकडे बघून आत गेल्या.

काही दिवसांनी वहिनी आल्या. हातात एक स्वच्छ धुतलेली कापडी पिशवी होती, घडी घालून आणलेली. "भावजी, कोट न्यायला आले होते."

काका उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं. थंडीने कुडकुडणारा माणूस, दान, पुण्य, मोह, कपडा, आत्मा. इतकं सुरेख ते कोणाच्याही समाचाराला बोलले नव्हते. वहिनींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बरं," त्या म्हणाल्या. रिकाम्या पिशवीची पुन्हा घडी घातली आणि गेल्या.

"बघितलंस?" काका मला म्हणाले. "समजूतदार बाई."

दोन-चार संध्याकाळी गेल्या असतील. मी दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. गोदाम सुटलं आणि हमाल घरी निघाला. अंगात तो तपकिरी कोट. जन्मभर पोती वाहून त्याचाही उजवा खांदा उतरलेला, त्यात कोटाला उतरत्या खांद्याचीच सवय. पाठमोरा बघितला असता तर मीच हाक मारली असती, "काय घड्याळजी, आज लवकर बंद?"

त्याच्या मागून वहिनी चालल्या होत्या.

फार जवळ नाही, फार लांबही नाही. नवऱ्याच्या मागून बायको बाजारातून येते तेवढ्या अंतराने. हातात भाजीची पिशवी. तो थांबला की त्या थांबत. तो चालू लागला की चालत. त्यांचं घर आलं, मागे पडलं, तरी त्या चालतच राहिल्या. कोपऱ्यावर हमाल कोणाशी तरी बोलायला वळला आणि त्याचा मिशाळ, अनोळखी चेहरा दिसला. वहिनी चटकन बाजूच्या दुकानातल्या बादल्या बघू लागल्या. मग खाली मान घालून परत आल्या, आमच्यासमोरून, आमच्याकडे न बघता.

माझ्यामागे मशीन थांबली होती. मी वळून बघितलं. काका सुईत दोरा ओवत होते. ओवत होते, ओवत होते, आणि सुई हातात नव्हतीच.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी हमाल स्वतःच दुकानात आला. "काका, ते घड्याळवाल्यांच्या बाई माझ्या मागून का येतात हो? मी काही बोलत नाही, पण माझी बायको बोलते."

काकांनी एवढंच म्हटलं, "थंडी फार आहे रे." याला काही अर्थ नव्हता.

त्या दिवसापासून आत्माकाकांना लाज वाटू लागली. आपल्याला लाज वाटली की आपण तोंड लपवतो. पण शिंप्याच्या दुकानात हे सोपं नसतं; तिथे माणसापेक्षा उंच आरसा असतो. काका जिकडे वळत तिकडे स्वतः उभे. दोन दिवस त्यांनी आरशावर चादर टाकली. मग गिऱ्हाइकं ती उचलू लागली, तेव्हा त्यांनी आरसाच भिंतीकडे तोंड करून ठेवला. कोट घालून माणूस विचारी, "कसा दिसतोय?" काका खाली बघून म्हणत, "यांना विचारा," आणि माझ्याकडे बोट दाखवत. कपड्यांतलं मला एवढंच कळतं की बटणं पुढे असतात. पण त्या आठवड्यांत मी गल्लीचा आरसा झालो होतो.

संध्याकाळी गोदाम सुटायच्या वेळी ते दुकानाचं दार अर्धं ओढून घेत. फळीपलीकडे आता टिकटिक नव्हती. कधी मशीन चालवता चालवता ते थांबत आणि फळीकडे बघत, जणू तिकडून टपली येणार आहे. आली असती तर बरं वाटलं असतं त्यांना.

त्यातच कोपऱ्यावरच्या पाववाल्याचे वडील गेले. काका जायला तयार नव्हते. काकूंनी ढकलून पाठवलं. घरात पाऊल टाकताच नेहमीसारखा रस्ता मोकळा झाला, पाववाल्याच्या शेजारी जागा झाली. काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तोंड उघडलं आणि समोर बघितलं. बायकांच्या रांगेत वहिनी बसल्या होत्या. त्या काकांकडे रागाने बघत नव्हत्या. नुसत्या बघत होत्या. आता काय सांगतात ते ऐकायला बसल्यासारख्या.

काकांचं तोंड उघडंच राहिलं.

"काका," पाववाला रडत म्हणाला, "ते कपड्याचं सांगा ना. वडिलांना फार आवडायचं."

"आज नको रे," काका म्हणाले. "आज येत नाही मला."

घरी येताना त्यांची मान एवढी खाली होती की समोरचा सायकलवाला त्यांना दिसला नाही. तो शिव्या देऊन गेला. काका म्हणाले, "बरोबर आहे त्याचं."

दुसऱ्या दिवशी मला घेऊन ते गोदामावर गेले. हमाल पोत्यांवर बसून भाकर खात होता, कोट घालून.

"बाबा रे, तो कोट मला परत हवाय."

हमालाचा घास हातातच राहिला. "दिलेलं दान परत मागता, काका? पुढच्या जन्मी काय व्हाल माहितीये ना?"

"पुढच्या कशाला? याच जन्मी झालोय." काकांनी हात जोडले. "मी तुला नवा शिवून देतो. याच्याहून ऊबदार."

हमालाने त्यांच्याकडे नीट बघितलं. तो माणूस चांगला होता, पण खुळा नव्हता. "नवा आधी, मग जुना. खिसे आत-बाहेर चार. आणि वेळेवर पाहिजे. तुमचं नाव ऐकून आहे मी."

आणि त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा कपडा वेळेवर दिला. दिवसभर मशीनवर वाकलेले असत. ना आत्मा, ना परमात्मा. काकू मला हळूच म्हणाल्या, "एवढं गप्प मी त्यांना लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं." विनोद केला त्यांनी, पण डोळे पुसत केला.

जुना कोट घेऊन काका वहिनींकडे गेले. एकट्याने जाववेना, म्हणून मीही. वहिनींनी दार उघडलं. काकांनी कोट दोन्ही हातांवर आडवा धरला होता, एखादं मूल झोपवून आणल्यासारखा. वहिनींनी तो घेतला, खांद्याशी धरला, नाक टेकवलं. बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग नाक बाजूला घेतलं.

"याला पोत्यांचा वास येतोय," त्या म्हणाल्या.

"मी धुऊन देतो वहिनी. स्वच्छ."

"धुतल्यावर कशाचाच येणार नाही." त्यांनी खिशात हात घातला. सुतळीचा एक गुंडा निघाला. तो त्यांनी काकांच्या हातावर ठेवला. "हे त्याचं आहे. शोधत असेल."

काका उंबऱ्यातच होते. आत या, असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं, आणि त्यांचीही तशी अपेक्षा नव्हती. त्यांनी सुतळीकडे बघत बोलायला सुरुवात केली. आवाज इतका बारीक की मला पुढे वाकावं लागलं.

"वहिनी, मी तुम्हाला खोटं सांगितलं. तुमचा मोह सुटावा म्हणून नाही दिला मी तो. थंडी वाजते म्हणूनसुद्धा नाही दिला. खुंटीवर टांगला की तो कलायचा. त्यात घड्याळजीच उभा आहे असं वाटायचं. पाठ केली तरी वाटायचं. मला बघवेना. आणि मी त्याला ज्ञान म्हटलं, दान म्हटलं. चार माणसांत म्हटलं."

वहिनी ऐकत होत्या.

"मग मला सांगायचं होतं, भावजी," त्या म्हणाल्या. "दोघांनी बसून बघितला असता."

ज्यांच्याकडे मृत्यूवरही उत्तर तयार असे, ते काका तिथेच, दारात, लहान मुलासारखे रडले. वहिनी रडल्या नाहीत. काकांचं रडणं संपेपर्यंत थांबल्या, कोटाची व्यवस्थित घडी घातली आणि परत त्यांच्या हातात दिली.

"त्यालाच देऊन टाका. त्याचा झालाय तो आता."

मला वाटलं होतं की हळूहळू सगळं नीट होईल. आपल्याला असं वाटतंच. काका समाचाराला अजून जातात. शेजारी बसतात, खांद्यावर हात ठेवतात आणि काही बोलत नाहीत. नवीन लोकांना वाटतं, हे मौनातले कोणी अधिकारी पुरुष आहेत. काकांना हे कळलं की त्यांची मान आणखी खाली जाते. आरसा पुन्हा सरळ झाला, कारण माझ्या सल्ल्याने दोन गिऱ्हाइकं कायमची तुटली. रस्त्यात वहिनी भेटल्या की काका थांबतात, वहिनी "बरं आहे ना, भावजी?" म्हणतात आणि पुढे जातात.

हमालाकडे आता दोन कोट आहेत. वहिनी कपडे शिवायला पलीकडच्या गल्लीतल्या शिंप्याकडे टाकतात. तो गळा वाकडा कापतो.